घराची किल्ली आणि उपकाराची जाण

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी 'दैनंदिन जीवन आणि कृतज्ञता' हा विषय आम्हाला दिला, तेव्हा आम्ही त्यांना दोनदा विचारले की बाबांनो, माणूस तर चुकला नाही ना? अशा विषयावर बोलायला भन्तेजी आहेत, प्राध्यापक मंडळी आहेत. आम्ही पडलो घरांचे दलाल. दलाल हा शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवीसारखा वापरतात. म्हणून तर हल्ली पाटीवर 'इस्टेट एजंट' नाहीतर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असे लिहायची पद्धत पडली आहे. असो. आम्ही दोघे भाऊ कल्याण पूर्वेला गेली २६ वर्षे हा धंदा करतो. बोलायला एकच उभा असला तरी अनुभव दोघांचा आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो, मोठेपणाने नव्हे.

आमच्या गाळ्यात येणाऱ्या माणसाला घर हवे असते, परंतु तो आधी स्वतःची सगळी हकीकत सांगतो. पगार किती, कापून हातात किती येतो, डिपॉझिटची सोय कुठून करणार, आई गुडघ्याने अधू आहे म्हणून तळमजला हवा, मुलीची दहावी आहे म्हणून रस्त्याकडची खोली नको. डॉक्टर आणि वकील यांच्याखालोखाल लोक खरे बोलत असतील तर ते आमच्याजवळ, असे आम्हाला वाटते. माणसेही तऱ्हेतऱ्हेची. रेल्वेचे कामगार तर जुनेच. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप मोडीत निघाल्यावर लालबाग-परळ-वरळीची खोली विकून किंवा भाऊबंदांच्या हवाली करून पुष्कळ कुटुंबे मध्य रेल्वेच्या रुळांच्या कडेने डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर अशी पसरत गेली. आमचे वडील त्यांतलेच एक. घर सोडणे आणि घर शोधणे म्हणजे काय, हे आम्ही धंद्यात पडण्यापूर्वीच पाहिले होते.

आता विषयाकडे येतो. कृतज्ञ या शब्दाची फोड अगदी सोपी आहे. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. पाली भाषेत हीच कतञ्ञुता. मंगल सुत्तात जी मंगले सांगितली आहेत त्यांत संतोषाच्या शेजारीच तिचे नाव येते. आपल्या आज्या 'जाण ठेव रे' म्हणायच्या, तेही हेच. म्हणजे आधी जाणणे आहे. कोणी केले, काय केले, ते करणे त्याच्यावर बंधनकारक होते की नव्हते, हे नीट पाहणे आहे. आभार, नमस्कार, पेढे हे सगळे त्यानंतरचे. आमच्या धंद्यात मात्र रोज याच्या उलट दिसते. लोक मनापासून आभार मानतात, पण जे स्वतःच्या हक्काचे आहे त्याबद्दल हात जोडतात. आणि काही देणे लागत नसताना ज्याने दिले, त्याचे नावसुद्धा पुढे आठवत नाही.

एक उदाहरण सांगतो. खाजगी दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या एक बाई आमच्यामार्फत भाड्याने राहत होत्या. डिपॉझिट ५०,००० रुपये. करार संपला तेव्हा त्यांनी खोली धुऊन-पुसून दिली, लाइट बिल भरून पावती मालकाच्या हातात ठेवली. मालकाने डिपॉझिट परत केले ते तीन महिन्यांत, चार तुकड्यांत, आणि शेवटच्या तुकड्यातून रंगाचे म्हणून ३,००० रुपये कापून. करारात रंगाचा उल्लेखही नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी त्या बाई पेढ्यांचे दोन पुडे घेऊन आमच्याकडे आल्या, एक मालकाला आणि एक आम्हाला. म्हणाल्या, "भाऊ, त्यांचे लई उपकार झाले. पैसे परत दिले." आम्ही म्हटले, "ताई, पैसे तुमचेच होते. उलट तीन हजार तुमचे त्यांच्याकडे राहिले." त्यावर त्या म्हणाल्या, "ते खरं हो. पण नसते दिले, तर मी काय करणार होते?"

या उत्तरावर आम्ही दोघे भाऊ पुष्कळ दिवस बोलत होतो. त्या बाईंना हिशेब कळत नव्हता असे नाही, चांगला कळत होता. पण वाटेत बुडण्याची भीती इतकी मोठी होती की आपलेच पैसे हातात पडले तेव्हा ते दान वाटले. याला आम्ही कृतज्ञता म्हणत नाही. मराठीत यासाठी 'मिंधेपणा' असा नेमका शब्द आहे. मिंधा माणूस हिशेब विचारत नाही, पावती मागत नाही, नळाला पाणी आले नाही तरी बोलत नाही. कारण घर दिले हेच खूप झाले, असे त्याने धरलेले असते.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही काही गोष्टी स्पष्ट सांगतो. भाडे नियंत्रणाचा जुना कायदा १९४७ चा होता, सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. भाड्याची पावती देणे हे त्या कायद्याने घरमालकाचे कर्तव्य आहे. पुरेसे कारण नसताना भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडता येत नाही. भाडेकराराची वा लिव्ह-अँड-लायसन्सची नोंदणी करण्याची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे घरमालकावर आहे, आणि नोंदणी झाली नसेल तर वादाच्या वेळी राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी, त्या खोट्या ठरेपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. इतके भक्कम कलम आहे, आणि आमचे लोक म्हणतात, "जाऊ द्या, मालकाला कशाला त्रास?" अहो, तो त्रास नाही, काम आहे त्यांचे. आमचेही तसेच. दलाली घेतल्यावर कागद नीट करून देणे हे आमचे काम आहे, मेहेरबानी नव्हे. नव्या प्रकल्पातील घरे विकायची तर एजंटाला महारेराकडे नोंदणी करावी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. उतारवयात आम्ही दोघे भाऊ शेजारी-शेजारी परीक्षेला बसलो. घरी पोरांनी आम्हाला पेन आणून दिले आणि पोटभर हसून घेतले.

मिंधेपणा येतो कुठून, याचाही विचार केला पाहिजे. येथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना तरी आमच्या धंद्यातला एक प्रश्न ठाऊक असेल. घर दाखवून झाले, भाडे ठरले, बाईंना ओटा पसंत पडला, की मालक सहज विचारल्यासारखे विचारतात, "आडनाव काय म्हणालात?" कोणी म्हणते, "गाव कुठलं?" कोणी म्हणते, "खाणंपिणं कसं काय?" उत्तर ऐकले की दुसऱ्या दिवशी फोन येतो: "अहो, ती खोली कालच गेली. आमच्या मेव्हण्याने परस्पर दिली." आणि आठ दिवस झाले तरी त्या खोलीला कुलूपच असते. मालक स्वतः हे बोलत नाहीत, दलालाकडून बोलवून घेतात. आमच्या वहीचा पहिल्या दिवसापासून एक नियम आहे: जात-धर्म पाहून खोली देणाऱ्याचे घर आम्ही नोंदवत नाही. त्यात काही गिऱ्हाइके गेली, जाणारच. पण सांगायचा मुद्दा वेगळा आहे. असे पाच नकार पचवलेला माणूस सहाव्या दारात शिरतो तो मिंधा होऊनच शिरतो. भाडे दोन हजार जास्त लावले तरी तो गप्प बसतो. जे इतरांना मागताक्षणी मिळते, ते आपल्याला मिळाले म्हणून तो आयुष्यभर त्या मालकाचे नाव काढत राहतो.

या संदर्भात बाबासाहेबांच्या आयुष्यातील बडोद्याचा प्रसंग आठवतो. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते परदेशात शिकले, आणि त्या कराराला जागून १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. तेथे त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी दुसरे नाव लावून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. ते उघडकीस येताच काठ्या घेतलेली माणसे दारात आली. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागून पाहिला, दोघांनीही सबबी सांगितल्या. त्यांना मुंबईस परतावे लागले. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे सर्व लिहून ठेवले. शिष्यवृत्तीची जाण ठेवली म्हणूनच ते बडोद्यास गेले होते, परंतु ती जाण होती म्हणून तेथे जे घडले त्यावर त्यांनी पांघरूण घातले नाही. विद्यार्थ्यांनी ही दोन्ही अंगे एकत्र पाहावीत अशी आमची विनंती आहे.

आता दुसरी बाजू. ज्यांचे खरोखर काही देणे लागतो, त्यांच्याकडे आपण कसे पाहतो?

नवीन फ्लॅटची किल्ली हातात आली की गिऱ्हाईक बिल्डरला हार घालते, बँकेच्या साहेबाला मिठाई देते, आम्हालाही शर्टपीस मिळतो. त्या भिंती उभ्या केल्या त्या माणसांना मात्र कोणी पाहिलेले नसते. सकाळी आठ वाजता नाक्यावर उभे राहणारे गवंडी, बिगारी, डोक्यावर घमेले घेणाऱ्या बाया. त्यांच्यासाठी १९९६ साली कायदा झाला. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो आणि तो कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराला तेथे नोंदणी करता येते, आणि मुलांच्या शिक्षणासाठीही मदत मिळते. नाक्यावरच्या कामगाराशी बोलून पाहा, ९० दिवसांच्या दाखल्यासाठी तो मुकादमाच्या किती विनवण्या करतो ते कळेल. दाखला देणारा उपकार केल्याच्या थाटात सही करतो. आपल्यापैकी जे ठेकेदार आहेत, जे सुपरवायझर आहेत, त्यांनी हे ऐकून ठेवावे.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत २६ जानेवारीला सफाई करणाऱ्या मुलाचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पुढच्याच महिन्यात सेप्टिक टाकी तुंबली. कमिटीतल्या एकाने सुचवले की मशीनची गाडी कशाला, तोच उतरेल, नाही म्हणणार नाही, परवाच आपण त्याला शाल दिली आहे. आम्ही त्या दिवशी एका सभासदाच्या कागदांसाठी तेथे बसलो होतो. आम्ही म्हटले, हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा आहे, माणसाला अशा तऱ्हेने टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी २०१४ साली १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली आहे. रक्कम ऐकल्यावर मंडळी गप्प झाली, हे सांगताना आम्हाला काही आनंद होत नाही. तो मुलगा दाराशीच उभा होता. गाडी आली, खर्च २४ घरांत वाटला गेला, प्रत्येकाच्या वाट्याला शंभर-सव्वाशे रुपये आले. ती शाल याहून महाग असावी.

२०२० सालच्या टाळेबंदीतही हेच पाहिले. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता सगळ्या गॅलऱ्यांतून टाळ्या-थाळ्यांचा गजर झाला. त्यानंतर पंधरा दिवसांतच एका परिचारिकेचा आम्हाला फोन आला, की मालक घर खाली करा म्हणतात, तुम्ही रोज दवाखान्यातून येता, आमच्या घरात म्हातारी माणसे आहेत. भीती खरी होती, ती आम्ही नाकारत नाही. पण टाळ्या वाजवणाऱ्यांत ते मालकही होते. शेवटी आम्ही मधे पडून जिन्याची वेळ वेगळी ठरवून दिली आणि ताई तेथेच राहिल्या.

त्याच काळातील एका घरमालकाचे मात्र नाव काढावेसे वाटते. त्यांना आवडणार नाही म्हणून काढत नाही. निवृत्त शिक्षक, दोन खोल्यांच्या भाड्यावर त्यांचा औषधपाण्याचा खर्च चाले. एप्रिल २०२० मध्ये राज्य शासनाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना केली होती. पुढे ढकला, एवढेच. या गुरुजींनी रिक्षा चालवणाऱ्या भाडेकरूला चार महिन्यांचे भाडे सोडून दिले. आम्ही विचारले, तुमचे कसे भागणार? म्हणाले, "माझी पेन्शन चालू आहे, त्याची रिक्षा बंद आहे." येथे उपकार हा शब्द शोभतो. कोणत्याही कलमात हे बसत नव्हते, कोणी त्यांच्यावर सक्ती करू शकत नव्हते.

असे उपकार आमच्या धंद्यात रोज घडतात, पण इतके लहान की कोणाच्या ध्यानात येत नाहीत. कराराला दोन साक्षीदार लागतात. कोणी शेजारी अर्धा दिवस खाडा करून रजिस्ट्रारच्या कचेरीत येतो, रांगेत उभा राहतो, अंगठा देतो आणि चहा न घेता परत जातो. घरकर्जाला जामीन राहणारा माणूस तर त्याहून मोठा. दुसऱ्याचा हप्ता चुकला तर स्वतःच्या पगारावर टाच येईल, हे माहीत असून तो सही करतो. आमच्या वडिलांना १९८६ साली पतपेढीच्या कर्जाला त्यांच्याच साच्यावरचे एक सहकारी जामीन राहिले होते, आणि ते स्वतः त्या वेळी बेकारीतून नुकते कुठे सावरत होते. सामान येण्याच्या दिवशी, नळाची वेळ टळून जाईल म्हणून नव्या भाडेकरूसाठी आपल्या घरातले चार हंडे भरून ठेवणारी शेजारीण आम्ही पाहिली आहे. अजून तोंडओळखसुद्धा नव्हती. कल्याण पूर्वेला पाण्याचे मोल काय, हे तेथे राहणाऱ्याला विचारा.

आणि मुंबईतल्या त्या चाळी. बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. वरळीला आता तेथेच ५०० चौरस फुटांची घरे होत आहेत, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या किल्ल्या मिळाल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. त्या १६० चौरस फुटांत नवराबायको, पोरे, म्हातारी, आणि शिवाय गावाहून शिकायला आलेला पुतण्या नाहीतर मेव्हणा. तो गॅलरीत झोपायचा, परीक्षा जवळ आली की जिन्यातल्या दिव्याखाली वाचायचा. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी कशा परिस्थितीत अभ्यास केला, हे आपण वाचतो. तशाच खोल्यांतून पुढची पिढी शिकली. आज या सभागृहात जे बँकेत आहेत, शिक्षक आहेत, रेल्वेत साहेब आहेत, त्यांतले कितीतरी जण अशा कोणातरी काकूच्या गॅलरीत झोपून शिकले. काकूने डिपॉझिट घेतले नाही, करार केला नाही. स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून दिली. ती काकू आज कुठे राहते, तिच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले का, तिच्या नातवाला शहरात राहायला जागा हवी आहे का, एवढी चौकशी या महिन्यात जाऊन करता येईल.

विद्यार्थ्यांसाठी थोडे व्यवहाराचे बोलून थांबतो. जून आला की तुमच्यातले बरेच जण चौघे-पाचजण मिळून खोली शोधाल. डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या. करारात डिपॉझिटची रक्कम, ते किती दिवसांत परत मिळणार, रंगाचा खर्च कोणाचा आणि खोली सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, हे चार मुद्दे लिहिलेले आहेत का ते पाहा. आत शिरण्यापूर्वी लाइटच्या मीटरचा फोटो काढून ठेवा. नोंदणी झालेल्या कराराची एक प्रत तुमच्याजवळ असलीच पाहिजे. आणि कोणी आडनावावरून खोली नाकारली तर गप्प राहून दुसरीकडे जाऊ नका. तारीख आणि पत्ता लिहून ठेवा, संस्थेच्या कार्यकर्त्यांना सांगा.

सही करण्यापूर्वी करार आमच्याकडे आणलात तर वाचून देऊ, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. गाळा मंगळवारी बंद असतो. बाकीच्या दिवशी सकाळी दहा ते एक या वेळात दोघांपैकी एक जण असतोच. चहा समोरच्या टपरीवरचा मिळेल, साखर जरा जास्त घालतो तो.

जयभीम.